तालुक्याच्या प्रयोगशाळेत होस्ट-गेस्ट हायड्रोजेल: सात शिश्यांचा प्रयोग

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प निवडायची वेळ आली की आपल्या भागातल्या कॉलेजांत विषय जवळपास ठरलेले असतात. बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड, मातीचा सामू, संत्र्याच्या सालीचं तेल. यातला एकही विषय हलका नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइड मोजणं तर गरजेचंच आहे. पण सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्राचं, म्हणजे रेणू एकमेकांना पक्क्या बंधाविना कसे धरतात याच्या शास्त्राचं, नाव काढलं की मुलं, आणि कधीकधी शिक्षकही, आधीच हात टेकतात. ते आयआयटीवाल्यांचं काम, आपल्याकडे तेवढी यंत्रं कुठं? या शाखेतलं एक अस्सल काम, म्हणजे होस्ट-गेस्ट पद्धतीचं हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारं जेल), दोन पांढऱ्या पावडरी, डिस्टिल्ड वॉटर आणि झाकणाच्या सात शिश्यांत होतं. पांढरकवडा असो, आर्वी असो की अहेरी, कुठल्याही कॉलेजात होतं. जेल बनवणं त्यातला सोपा भाग आहे. ते आपण सांगतो त्याच कारणाने बनलं हे दाखवून देणं, हा खरा प्रयोग. नुसतं जेलच हवं असतं तर एक शिशी पुरली असती.

आत काय चालतं

सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे ग्लुकोजच्या घटकांची बंद कडी. स्टार्चवर एका जिवाणूजन्य एन्झाइमची प्रक्रिया झाली की ती मिळते. अल्फामध्ये सहा घटक, बीटामध्ये सात, गॅमामध्ये आठ. आंत्वान विलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1891 साली या पदार्थांची पहिली नोंद केली. कडीची बाहेरची बाजू पाण्यात रमते, आतली पोकळी मात्र पाण्याशी फटकून असते. ही पोकळी अल्फामध्ये साधारण 0.5 नॅनोमीटर रुंद, बीटामध्ये 0.6 च्या थोडी पुढे, गॅमामध्ये 0.8 च्या आसपास. मापात बसणारा रेणू त्या पोकळीत शिरतो आणि तिथे राहतो. दोघांमध्ये सहसंयुज बंध, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून होणारा पक्का रासायनिक बंध, मुळीच होत नाही. कडी ही होस्ट, आत शिरलेला रेणू हा गेस्ट.

1990 मध्ये जपानमधल्या ओसाका विद्यापीठातल्या अकिरा हारादा आणि मिकिहारु कामाची यांनी दाखवलं की पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीईजी, या लांब साखळीवर अल्फाच्या कड्या एकामागून एक ओवल्या जातात, दोऱ्यात मणी ओवावेत तशा. साखळीच्या दर दोन घटकांमागे एक कडी बसते. शेजारच्या कड्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरतात. कड्यांनी भरलेले तुकडे एकत्र येऊन त्यांचे बारीक स्फटिक होतात, आणि साखळीचे उघडे राहिलेले भाग पाण्यात पसरलेले असतात. स्फटिक म्हणजे गाठी, उघडी साखळी म्हणजे गाठींमधला धागा. या जाळ्यात पाणी अडकतं आणि जेल धरतं. साखळी पुरेशी लांब असली तर असं जेल मिळतं, हे त्याच गटाने 1994 मध्ये प्रसिद्ध केलं.

इथे एक हिशेब वहीत करून ठेवा, कारण तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. पीईजीच्या एका घटकाचं वजन 44, दोनाचं 88. अल्फाचं रेणुवजन 973. म्हणजे एका शिशीतलं 200 मिलिग्रॅम पीईजी पूर्ण झाकायला सुमारे 2.2 ग्रॅम अल्फा लागेल. आपण वापरणार आहोत 260 मिलिग्रॅम. सगळी अल्फा ओवली गेली असं धरलं तरी साखळीचा जेमतेम 12 टक्के भाग झाकला जातो. ही काटकसर नाही. सगळी साखळी झाकली गेली तर पाण्यात पसरायला धागा उरत नाही, आणि हाती जेलऐवजी साका येतो.

सामान

अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिनची 5 ग्रॅमची बाटली मागवा. सगळ्यात महाग वस्तू हीच, म्हणून पुढची सगळी मापं तिच्या हिशेबाने बेतली आहेत. बाटलीवर पाण्याचं प्रमाण लिहिलेलं असतं; अल्फाच्या स्फटिकांत दहा टक्क्यांपर्यंत पाणी असू शकतं, तेव्हा तेवढं वजन वाढवून घ्या. पीईजी 20000 रेणुवजनाचं घ्या. 8000 किंवा 10000 चंही चालतं, पण पहिल्या खेपेला लांब साखळी बरी. तुलनेसाठी थोडं पीईजी 1500. मेडिकलमध्ये बद्धकोष्ठतेसाठी मिळणारी 3350 ची पावडर मुलं हमखास सुचवतात. ती साखळी आखूड पडते आणि पुड्यांत बऱ्याचदा क्षार व स्वादही मिसळलेले असतात, त्यामुळे ती नको.

याशिवाय बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन (थोडंसं, ते अल्फापेक्षा स्वस्त असतं), ग्लुकोज, प्रयोगशाळेचा यूरिया, फिनॉल्फ्थॅलीन (अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक) आणि धुण्याचा सोडा. घरच्या पोत्यातला यूरिया आणू नका: 2015 पासून आपल्याकडच्या शेतीच्या यूरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, आणि ते तेल गढूळपणा आणून निरीक्षणाचा विचका करतं. 5 मिलीच्या झाकणाच्या काचेच्या शिश्या, सुई काढलेल्या 2 मिलीच्या सिरिंज, थर्मामीटर आणि सायकलच्या दुकानातून 3 मिलिमीटरचे दोन-चार छर्रे.

वजनकाट्याची चिंता करत बसू नका. 10 मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा असला तरी 1.3 ग्रॅम मोजताना चूक एक टक्क्याच्या आत राहते. पंखा मात्र बंद करा, आणि लाइट जाऊन आली असेल तर काटा पुन्हा शून्यावर आणा.

पाणी डिस्टिल्डच हवं. बोअरचं जड पाणी जेल बिघडवेलच असं नाही, पण सोड्याबरोबर त्यातलं कॅल्शियम पांढरं होऊन खाली बसतं. ज्या प्रयोगात आपण पांढरा गढूळपणाच बघणार आहोत तिथे परका पांढरेपणा नको.

आधी गुलाबी रंगाची चाचणी

जेलला हात घालण्याआधी होस्ट-गेस्ट ही गोष्ट डोळ्यांनी बघून घ्या. याला पंधरा मिनिटं लागतात आणि अल्फाचा एक कणही खर्च होत नाही.

100 मिली पाण्यात अर्धा ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा आणि फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण थेंबाथेंबाने घाला. फिकट गुलाबी झालं की थांबा. रंग गडद झाला तर फरक उशिरा कळतो. तीन परीक्षानळ्यांत 10-10 मिली घ्या. पहिलीत चिमूटभर, म्हणजे 50 मिलिग्रॅमच्या आसपास, बीटा घालून हलवा. दुसरीत तेवढंच ग्लुकोज. तिसरी तशीच ठेवा.

पहिल्या नळीतला गुलाबी रंग बघता बघता जातो. ग्लुकोजच्या नळीत तो तसाच राहतो. दोन्हीतला माल रासायनिकदृष्ट्या जवळचाच, घटक तेच; फरक फक्त कडीचा आहे. फिनॉल्फ्थॅलीन बीटाच्या पोकळीत शिरलं की त्याचा आकार असा दाबला जातो की रंग राहत नाही. आता पहिली नळी गरम पाण्यात धरा. गुलाबी परत येतो, कारण उष्णतेने गेस्ट बाहेर पडतो. थंड केली की पुन्हा फिकी पडते. धुण्याच्या सोड्याऐवजी कॉस्टिक सोडा वापरू नका. तीव्र अल्कलीत फिनॉल्फ्थॅलीन आपोआपच रंगहीन होतं आणि श्रेय भलत्यालाच जातं.

मुलांना ही चाचणी दोन-तीनदा करू द्या. पुढचं सगळं यावरच उभं आहे: मापात बसणं, थंडीत धरून राहणं, उष्णतेत सुटणं.

दोन द्रावणं

अल्फाचं द्रावण: 1.3 ग्रॅम अल्फा साधारण 8 मिली कोमट पाण्यात, 40-50 अंशांवर, हलवत विरघळवा. नितळ झालं की थंड होऊ द्या आणि 10 मिलीपर्यंत पाणी घाला. अल्फा 25 अंशांना 100 मिली पाण्यात 14.5 ग्रॅमच विरघळते, म्हणजे आपण काठावरच आहोत. डिसेंबर-जानेवारीत गोंदिया-नागपूरकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो. तेव्हा सकाळी बाटलीच्या तळाशी स्फटिक दिसतील. ते फेकू नका. बाटली कोमट पाण्यात धरली की पुन्हा विरघळतात.

पीईजीचं द्रावण: 2 ग्रॅम पीईजी 20000, पाणी घालून एकूण 10 मिली. पापुद्रे एकदम ओतले तर गोळा होतो आणि मग तासभर विरघळत नाही. गरम पाण्यात थोडे थोडे सोडा, कांडीने सावकाश ढवळा, फेस येऊ देऊ नका. बुडबुडे राहिले तर द्रावण तासभर तसंच ठेवा. पीईजी 1500 चं असंच 5 मिली करा.

दोन्ही द्रावणं मिसळण्याआधी एकाच तापमानाला आलेली असली पाहिजेत. परदेशी लेखांत 'रूम टेम्परेचर' लिहिलेलं असतं ते 20-25 अंशांचं. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या पत्र्याच्या प्रयोगशाळेत ते 40 च्या वर असतं, आणि अशा उन्हाळ्यात जेल उशिरा धरतं, मऊ राहतं किंवा धरतच नाही. ओवण्याच्या क्रियेत उष्णता बाहेर पडते, त्यामुळे गरमी तिला मानवत नाही. एसी नसला तरी अडत नाही. माठातलं पाणी भांड्यात घ्या, थर्मामीटर लावा, शिश्या त्यात ठेवा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात माठाचं पाणी हवेपेक्षा पुष्कळ थंड असतं. पावसाळ्यात ही युक्ती चालत नाही, आणि तेव्हा तिची गरजही कमी असते. तापमान काहीही असो, ते वहीत लिहा. तापमान न लिहिलेलं निरीक्षण मी तरी ग्राह्य धरत नाही.

सात शिश्या

10 मिली अल्फा-द्रावणाचे 2-2 मिलीचे बरोबर पाच वाटे होतात. शिश्यांवर आकडे घाला, नावं नकोत.

1: अल्फा 2 मिली, पीईजी 20000 चं द्रावण 1 मिली. मुख्य शिशी.
2: तेच, पण वर पाऊण मिली पाणी जास्त.
3: अल्फा 2 मिलीत 1 ग्रॅम यूरिया पूर्ण विरघळवून, मग पीईजी 20000 चं 1 मिली.
4: अल्फा 2 मिली, पाणी 1 मिली.
5: अल्फा 2 मिली, पीईजी 1500 चं 1 मिली.
6: पीईजी 20000 चं 1 मिली, पाणी 2 मिली.
7: पीईजी 20000 चं 1 मिली, आणि 260 मिलिग्रॅम ग्लुकोज विरघळवलेलं 2 मिली पाणी.

दुसरी शिशी कशाला, हा प्रश्न पडायला हवा. एक ग्रॅम यूरिया विरघळला की आकारमान सुमारे पाऊण मिलीने वाढतं. तिसऱ्या शिशीत जेल नाही धरलं, तर कोणीही म्हणेल की द्रावण पातळ झालं म्हणून नाही धरलं. दुसरी शिशी तेवढीच पातळ आहे, पण तिच्यात यूरिया नाही. ती धरली आणि तिसरी नाही, तर दोष यूरियाकडे जातो. यूरिया विरघळताना द्रावण गार पडतं, म्हणून तिसरी शिशी बाकीच्यांच्या तापमानाला येईपर्यंत पीईजी घालू नका.

मिसळताना आधी शिशीत पीईजी घ्या, मग सिरिंजने अल्फा एका दमात सोडा (तिसऱ्या शिशीत मात्र क्रम उलटा). झाकण लावा, दहा-पंधरा सेकंद गोल फिरवा आणि खाली ठेवून द्या. पुन्हा पुन्हा हलवून बघण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्याने जाळं बनता बनता तुटतं.

आता पहिल्या शिशीमागे काळा कागद धरा आणि बघत राहा. सुरुवातीला नितळ. मग निळसर झाक येते, इतकी हलकी की कागद नसता तर कळली नसती. ती गडद होत दुधी होते आणि शेवटी मागचा कागद दिसेनासा होतो. हा पांढरेपणा म्हणजे ते बारीक स्फटिक. त्यांच्यावरून प्रकाश विखुरतो. झाक दिसल्याची वेळ आणि कागद दिसेनासा झाल्याची वेळ, दोन्ही लिहा. जेल कधी मिनिटांत धरतं, कधी काही तास घेतं. मी तर सांगेन, रात्रभर तसंच ठेवा.

दुसऱ्या दिवशी

शिश्या सावकाश उलट्या करा आणि एक मिनिट धरा. पहिली हलायला नको. दुसरी धरलेली असेल, पण जरा मऊ. तिसरीत जाळं नीट धरत नाही: यूरिया कड्यांमधले हायड्रोजन बंध सैल करतो, त्यामुळे गाठीच बसत नाहीत. चौथी, सहावी आणि सातवी पातळ राहायला हव्यात. चौथीत थंडीने स्फटिक पडले असतील तर तशी नोंद करा आणि शिशी कोमट करून परत बघा. पाचवीत पांढरा साका दिसेल. तो दाट असला तर लगेच ओघळत नाही आणि नवख्याला जेलच वाटतो. शिशी बोटाने टिचकवा: साका रवाळ असतो, फुटतो आणि वर पाणी सुटतं, जेल एकसंध थरथरतं.

सातव्या शिशीला कोणी फारसं विचारत नाही. पण पीईजीत नुसती साखर वाढवून जेल होत नाही, कडीच लागते, हे तिच्यावाचून सिद्ध होत नाही.

आता पहिल्या शिशीवर दोन चाचण्या. जेलच्या पृष्ठभागावर सायकलचा छर्रा अलगद ठेवा. शिशी पाण्याच्या भांड्यात उभी करून मंद आचेवर तापवा, दर मिनिटाला दोन अंशांपेक्षा जास्त वेगाने नको. छर्रा बुडायला लागतो ते तापमान जेल वितळण्याचं. ही पद्धत जुनी आणि मान्य आहे, आणि रिओमीटर (जेलचा घट्टपणा मोजणारं यंत्र) नसलेल्या ठिकाणी मला तीच सगळ्यात भरवशाची वाटते. तीनदा करा आणि तिन्ही आकडे द्या, नुसती सरासरी नको. थंड केल्यावर जेल परत धरतं, पण त्याच वेगाने नाही.

दुसरी चाचणी सिरिंजची. थोडं जेल जाड सुईच्या सिरिंजमध्ये भरून दाबा. दाबाखाली ते पातळ होऊन बाहेर येतं आणि शिशीत पडल्यावर काही वेळाने पुन्हा घट्ट होतं. सहसंयुज बंधांचं जेल असं केल्यावर तुटून त्याचे तुकडेच राहिले असते. सुईतून टोचता येणारी औषधवाहक जेलं म्हणून या मिश्रणाचा अभ्यास झाला तो याच गुणामुळे. आपलं जेल मात्र निर्जंतुक नाही. ते जखमेवर लावू नका, चाखू नका. त्यात साखरेचा अंश आहे, त्यामुळे पावसाळ्यात बाहेर ठेवलं तर बुरशीही धरू शकतं.

वावरात टाकता येते का?

हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो, आणि कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या घरातून आलेल्या मुलाने तो विचारायलाच हवा. उत्तर आहे: हे जेल वावरात टाकता येत नाही. जास्त पाण्यात गेस्ट-होस्टची जोडी सुटत जाते आणि जेल विरघळतं. पहिल्या मोठ्या पावसातच ते जाईल. शिवाय अल्फाची किंमत शेताला झेपणारी नाही. जमिनीत ओल धरण्यासाठी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेलं पुसा हायड्रोजेल वेगळ्या जातीचं आहे: सेल्युलोजवर आधारलेलं आणि सहसंयुज बंधांनी पक्कं जोडलेलं. ते फुगतं, आकसतं, पण विरघळत नाही. दोन्हींचा एक एक तुकडा पाण्यात टाकून दोन दिवस ठेवला, तर 'क्रॉसलिंक' या शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहावा लागत नाही.

पुढे कुठे जाता येईल

पीईजी आणि अल्फाचं प्रमाण बदलून वितळण्याचं तापमान कसं बदलतं याचा तक्ता केला तरी पदव्युत्तर प्रकल्प उभा राहतो. संश्लेषणाची सोय असेल तर वाट लांबवर जाते. पॉलिमरला अ‍ॅडमँटेन हा गोलसर हायड्रोकार्बन जोडला तर ते बीटात घट्ट बसतं. फेरोसीन हे लोहाचं संयुग जोडलं तर ऑक्सिडीकरणाने जोडी सोडवता येते. हारादा यांच्याच गटाने 2011 मध्ये यावरून स्वतःहून सांधणारं जेल केलं. अझोबेंझीन अल्फात शिरतं आणि अतिनील प्रकाशात आकार बदलून बाहेर पडतं. पण ही कामं हातात घेण्याआधी सात शिश्यांचा निकाल सलग तीन खेपा सारखा आला पाहिजे.

एक्सआरडीला नमुना पाठवताना

कड्या खरंच साखळीवर ओवल्या गेल्या का, याचा पुरावा एक्स-रे डिफ्रॅक्शन (एक्सआरडी) देतं; स्फटिकातली मांडणी एक्स-किरणांनी ओळखण्याची ही पद्धत. ते यंत्र नागपूर-अमरावतीला मिळतं, तेव्हा एकाच फेरीत सगळे नमुने जायला हवेत. जेल काचेवर पातळ पसरून सावलीत वाळवा. ओव्हनमध्ये घालू नका, जोड्या सुटतात. मग बारीक कुटून, शिशीचा आकडा घालून पाठवा.

ओवलेल्या कड्या नळीसारख्या एकावर एक रचल्या जातात, आणि कॉपरच्या एक्स-किरणांत 2 थीटा (किरण वळण्याचा कोन) 20 अंशांच्या आसपास ठळक रेघ देतात. मोकळ्या अल्फाच्या रेघा 12, 14 आणि 22 च्या जवळ येतात, म्हणून चौथ्या शिशीचा वाळवलेला माल सोबत हवा. सहाव्या शिशीचाही हवा, कारण नुसतं पीईजीदेखील 19 आणि 23 च्या आसपास रेघा देतं, आणि 19 ची रेघ 20 ची समजून आनंद साजरा होणं सहज शक्य आहे. तिन्ही आलेख एकाच कागदावर, एकाच मापात, एकाखाली एक छापून घ्या. पहिल्यात 20 ची रेघ 19 च्या रेघेपासून सुटी दिसत नसेल, तर वाळलेला नमुना अगदी थोड्या थंड पाण्याने एकदा धुवा, म्हणजे मोकळं पीईजी निघून जाईल. मग पुन्हा वाळवून पाठवा.